ऑफिसात मी 'लाल' निघालो, बायको म्हणते मला रंग लावू नकोस

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही हिंजवडीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहात, ऑफिसने डिस्कचं, म्हणजे माणसांच्या वागण्याचे चार प्रकार (डी धडाडीचा, आय बोलका, एस शांत, सी काटेकोर) सांगणाऱ्या पद्धतीचं, वर्कशॉप घेतलं, त्यात तुमचं 'डी' म्हणजे लाल आलं, टीममधल्या एका टेस्टरचं 'सी' म्हणजे निळं आलं, एचआरने प्रत्येकाच्या डेस्कवर रंगीत कार्ड लावून टाकलं, आणि तुम्ही उत्साहाच्या भरात घरी जाऊन बायकोला "तू ना टिपिकल हिरवी आहेस, एस" असं सांगितलंत, त्यावर ती जी चिडली ती अजून धड बोलत नाहीये. तर हे स्टाइलचं प्रकरण खरं असतं का, आणि असेल तर माणसांशी जमवून घ्यायला ते वापरायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी समुपदेशन करते आणि कंपन्यांमधे अशी वर्कशॉप्सही घेते, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या बायकोची बाजू घेते. तिला राग रंगाचा आलेला नाही. तुम्ही तिला समजून घेण्याचं काम संपवून टाकलंत, निकाल लावून मोकळे झालात, याचा राग आलाय. आणि या सगळ्या पद्धतींचा सगळ्यात मोठा दुरुपयोग तोच आहे. समोरच्याची स्टाइल ओळखायची ती फक्त आपलं पुढचं वाक्य बदलण्यापुरती. त्याला ती ऐकवायची नाही, डेस्कवर चिकटवायची नाही, भांडणात पुरावा म्हणून तर अजिबात काढायची नाही.

आता खरंखोटं किती ते बघू. डिस्कचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जातं, १९२८ साली त्याने ही चार प्रकारांची मांडणी केली. गंमत म्हणजे वंडर वुमन हे कॉमिक्समधलं पात्रही त्याचंच, १९४१ मधलं, आणि रक्तदाबावरून खोटं पकडायच्या चाचणीचं कामही त्याने केलेलं. त्याचा मुद्दा साधा होता, माणसाला आजूबाजूची परिस्थिती आपल्या बाजूची वाटते की विरोधातली, आणि तिच्यापुढे आपण वरचढ आहोत असं वाटतं की कमजोर, यावरून तो कसा वागेल ते ठरतं. म्हणजे तो वागण्याबद्दल बोलत होता, जन्मभर पुरणाऱ्या शिक्क्याबद्दल नाही. टेस्ट तर त्याने बनवलीच नाही, ती पुढे दुसऱ्यांनी बनवली, आणि मग त्या टेस्टचा धंदा झाला, रंग आले, कार्डं आली.

एमबीटीआय या दुसऱ्या लोकप्रिय टेस्टचंही तसंच. स्विस मानसोपचारतज्ज्ञ युंगचं १९२१ चं लिखाण वाचून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती तयार केली, दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, पण त्यातले चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार जगभर पसरले. लोक आवडीने सांगतात मी आयएनएफजे, मी ईएसटीजे, आणि काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदललेलं असतं. कारण काय, तर बहुतेक माणसं कुठल्याही गुणाच्या मधल्या पट्ट्यात असतात आणि टेस्ट मधोमध रेघ मारते. समजा उंची मोजताना पाच फूट पाचच्या वरचे सगळे 'उंच' आणि खालचे सगळे 'बुटके' असं ठरवलं तर रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दिसायला सारखेच असणार ना, तरी एक उंच आणि एक बुटका. तसंच हे. ही टेस्ट नोकरभरतीसाठी वापरू नका असं ती चालवणारे स्वतःच सांगतात, तरी आपल्याकडे काही एचआरवाले इंटरव्ह्यूला वापरतात, असो.

संशोधक मंडळी जास्त करून बिग फाइव्ह वापरतात. त्यात प्रकार नाहीत, पाच पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर तुम्ही कुठेतरी असता: नवं काही करून बघायची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, आणि मन पटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की माणसामाणसातल्या या फरकाचा साधारण निम्मा किंवा थोडा कमी भाग आनुवंशिक असतो. म्हणजे काहीतरी खरं आहे यात, आणि ते बऱ्यापैकी टिकतंही, फक्त वय वाढतं तसा माणूस सरासरीने थोडा जास्त काटेकोर आणि थोडा जास्त मवाळ होत जातो.

मग तुमचा रिपोर्ट वाचून तुम्हाला "अरे हे तर मीच" असं का वाटलं? १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांकडून टेस्ट भरून घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याचं म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं, ते किती जुळतंय याला पाचपैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. आणि वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं, भविष्याच्या पुस्तकातून वाक्यं उचलून केलेलं. "तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता" टाइप. आपल्याकडे पेपरातलं राशिभविष्य वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा रिपोर्टमधलं कौतुक जरा बाजूला ठेवा, 'लाल माणसं जन्मजात नेते असतात' हे तर ताबडतोब.

राहिलं काय मग हाताशी? माझ्या मते एक जुनी आणि दोनच प्रश्नांची पद्धत पुरेशी आहे, १९६० च्या दशकात डेव्हिड मेरिल आणि रॉजर रीड यांनी मांडलेली. माणूस बोलताना सांगतो जास्त की विचारतो जास्त, हा पहिला प्रश्न. आणि मनातलं चेहऱ्यावर, हातवाऱ्यात दाखवतो की झाकून ठेवतो, हा दुसरा. दोन्हीची उत्तरं जोडली की चार स्टाइल होतात, आणि ती उत्तरं डोळ्यांनी दिसतात, टेस्ट भरून घ्यावी लागत नाही. मला ही पद्धत आवडते त्याचं कारण असं की यात तुम्ही स्वतःला कसे समजता याला महत्त्व नाही, तुमच्यासोबत काम करणाऱ्यांना तुम्ही कसे दिसता ते मोजतात. आणि दुसरं, चारपैकी कुठलीही स्टाइल भारी नाही असं ते स्पष्ट म्हणतात, कामाला येतो तो लवचीकपणा, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःत किती बदल करता तो.

सोसायटीच्या मीटिंगला गेलायत ना कधी? तिथे चारही नमुने एका टेबलाला मिळतात. विषय समजा लिफ्टचा, सारखी बंद पडते, दुरुस्त करायची की नवीन बसवायची. चेअरमन खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतात, "खर्च किती, दिवस किती, बोला, आज ठरवून टाकू." खजिनदार फाइल उघडतात, "तीन कोटेशनं आलीत, पण तिसऱ्यात जीएसटी धरलाय का ते कळत नाही, आणि मागच्या वेळी रोप बदलला त्याची वॉरंटी कधीपर्यंत आहे ते आधी बघायला पाहिजे." कल्चरल कमिटीच्या ताई, "अहो नवीनच घेऊ, समोरच्या सोसायटीने ती काचेची घेतलीय, काय मस्त दिसते, आमच्याकडे आलेले पाहुणे बघतच बसले!" आणि सेक्रेटरी हळूच, "चौथ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेत, काम चालू असेल तेवढे दिवस त्या कशा उतरणार, त्यांना कुणी विचारलंय का?"

तासाभराने चेअरमनना वाटतं खजिनदार किस पाडतात, खजिनदारांना वाटतं चेअरमन लोकांचे पैसे उधळतील, ताईंना वाटतं हे दोघं नुसते रडतात, सेक्रेटरींना वाटतं इथे माणसाची कुणाला पडलेलीच नाही. आता बघा, चौघांनाही लिफ्ट चालू हवीय, आणि चौघांनी काढलेला मुद्दा खरा आहे, एकही सोडला तर पुढे भोगावं लागेल. चेअरमनना भीती वेळ वाया जायची आहे, खजिनदारांना चूक व्हायची, ताईंना आपल्याकडे लक्षच गेलं नाही याची, आणि सेक्रेटरींना भांडणं होऊन माणसं तुटायची. मी लोकांना सांगते की माणसाची स्टाइल पाठ करू नका, त्याला कशाची धास्ती आहे तेवढं बघा. खजिनदारांना "सोडा हो एवढं काय" म्हटलं की ते अजून तीन कागद काढणार, त्याऐवजी कोटेशनं आदल्या दिवशी घरी पाठवा, मीटिंगमधे ते दहा मिनिटात मोकळे होतील. चेअरमनना सगळा इतिहास सांगत बसू नका, दोन पर्याय द्या आणि त्यांना निवडू द्या. ताईंचं पहिलं मिनिटभर मन लावून ऐका, मधे आकडे घुसवू नका. सेक्रेटरींशी मीटिंगच्या आधी जिन्यात बोला, चारचौघात ते विरोध करणार नाहीत आणि नंतर मनातही ठेवतील.

आता तुमच्या टेस्टरकडे येऊ. तुम्ही जो चॅट लिहून पाठवलात तो मी परत वाचला. संध्याकाळी सव्वासहाला तुम्ही, "उद्या रिलीज आहे, सगळं ओके ना?" तो, "चेक करतोय." तुम्ही, "हो की नाही सांग." मग बराच वेळ शांतता आणि रात्री अकराला मुद्द्यांची लांबलचक मेल. तुमचा निष्कर्ष, हा टाळतो, जबाबदारी घेत नाही. त्याच्या बाजूने बघा, 'सगळं ओके' हे वाक्य तो प्रामाणिकपणे म्हणूच शकत नाही, कारण काही टेस्ट केसेस चालवायच्या राहिल्यात आणि उद्या काही फुटलं तर तुमचं 'हो म्हणाला होतास' त्याच्या गळ्यात पडणार. तुम्ही घाई केलीत तसा तो जास्त खोलात गेला, तो खोलात गेला तशी तुमची घाई वाढली.

हाच मेसेज असा लिहून बघा: "उद्यासाठी पेमेंट आणि लॉगिन या दोन गोष्टींचं मला आज आठपर्यंत कळलं तर बरं. बाकी काय राहिलंय आणि त्यातलं काय सोडलं तर चालेल, तुझा अंदाज लिही, अंदाज चुकला तर मी बघून घेईन." यात त्याला व्याप्ती मिळाली, वेळ मिळाली, आणि अंदाज चुकायची परवानगी मिळाली, ही शेवटची त्याला सगळ्यात जास्त हवी होती. तुम्हालाही आठ वाजता उत्तर मिळणार, म्हणजे तुमचीही धास्ती मिटली. आणि शब्दाला जागा बरं का, अंदाज चुकला तर खरंच बघून घ्यायचं, सगळ्यांसमोर रिव्ह्यूमधे काढायचं नाही, नाहीतर एकदाच चालेल ही युक्ती.

ताण आला की स्टाइल अजून कडक होते, हेही मेरिल आणि रीड यांनीच मांडलंय. सांगणारा आणि झाकणारा असतो तो हुकूम सोडायला लागतो, सांगणारा आणि दाखवणारा असतो तो अंगावर येतो, विचारणारा आणि झाकणारा गायब होतो, आणि विचारणारा आणि दाखवणारा असतो तो "हो हो, करू" म्हणतो. आपल्याकडे या शेवटच्याने जेवढे घोटाळे होतात तेवढे बाकी तिघांनी मिळून होत नसतील. "बघू", "करूया", "काही प्रॉब्लेम नाही सर", आणि आठवड्याने कळतं काहीच झालेलं नाही. त्याने फसवलं असं तुम्हाला वाटतं, त्याच्या हिशेबाने तो तोंडावर नाही म्हणून तुम्हाला दुखवू शकत नव्हता. अशा माणसाला "जमेल ना?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर कायम हो असतं. "यात अडणार कुठे असं वाटतं तुला?" असं विचारा आणि गप्प बसा, अगदी अवघड वाटेपर्यंत गप्प बसा, मग खरं बाहेर येतं.

आता एक गोष्ट जी परदेशी वर्कशॉपच्या स्लाइडमधे फार कमी सापडते. आपल्याकडे माणूस गप्प आहे यावरून तो तसाच आहे असं ठरवू नका, आधी खोलीत त्याच्यापेक्षा मोठं कोण बसलंय ते बघा. साहेबांसमोर मान हलवणारा तोच माणूस क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन असतो आणि तिथे कुणाला बोलू देत नाही. नवीन सून पहिलं वर्ष कशी शांत असते, अख्खं घर कौतुक करतं, मुलगी फार शांत आहे हो, आणि पाच वर्षांनी तीच माणसं म्हणतात बदलली. बदलली कशाची, पहिल्या वर्षी ती अंदाज घेत होती. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मधे हाच मुद्दा काढून व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकांची झोप उडवली होती, की एका ठिकाणच्या वागण्यावरून दुसऱ्या ठिकाणचं वागणं सांगता येईल हे आपण समजतो तितकं खरं नाही. पुढे बराच वाद झाला आणि आता बहुतेक जण मानतात की स्वभावही असतो आणि प्रसंगही असतो, दोन्ही धरूनच चालावं लागतं. पण आपण काय करतो, स्वतःला उशीर झाला तर हिंजवडीचं ट्रॅफिक आणि दुसऱ्याला झाला तर तो बेशिस्त. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मधे या खोडीला नाव दिलं, तिकडे त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. तेव्हा कुणालाही स्टाइल चिकटवायच्या आधी त्याला निदान दोन-तीन वेगळ्या जागी बघा, मीटिंगमधे, कँटीनमधे, आणि जमलं तर त्याच्या ज्युनिअरशी बोलताना, तिथे सगळ्यात खरं दिसतं.

घरचं आता. तुम्ही लिहिलंय की बायको वाद टाळते, काही पटलं नाही की दोन दोन दिवस अबोला धरते, म्हणून ती एस. आणि उदाहरण दिलंय ते असं, की तुम्ही मित्राला फोनवर "या ना रविवारी जेवायलाच" म्हणालात आणि मग तिला सांगितलंत. स्पष्ट बोलते, राग मानू नका. यात स्टाइलचा काही संबंध नाही. आठ माणसांचा स्वयंपाक, घर आवरणं, मुलाचा अभ्यास त्याच रविवारी, हे सगळं तिच्या वाट्याला आलं आणि विचारलं कुणी नाही. चारही रंगांपैकी कुठल्याही रंगाची बाई चिडेल, कुणी भांडी आपटेल, कुणी बोलून दाखवेल, कुणी गप्प बसेल, फरक तेवढाच. चिडण्याची पद्धत स्टाइलमुळे ठरली, चिडण्याचं कारण तुम्ही दिलंत. बरीच जोडपी माझ्याकडे 'आमचे स्वभाव जुळत नाहीत' म्हणून येतात आणि बोलताबोलता कळतं की स्वभावाचं राहू दे, कामाची वाटणी जुळत नाहीये, पैशाचे निर्णय एकटाच घेतोय, किंवा सासरच्यांसमोर बाजू घेतली गेली नाही. तिथे व्यक्तिमत्त्वाची टेस्ट काढणं म्हणजे विषय बदलणं आहे.

तिच्याशी बोलायचं तर रविवारच्या त्या जेवणाचंच बोला, आणि बोलाल तेव्हा लगेच निकाल मागू नका. तुम्हाला तिथल्या तिथे भांडून विषय संपवायची सवय, तिला मनात घोळवून मग बोलायची. सकाळी सांगून ठेवा की रात्री यावर बोलूया, दिवसभर तिला जुळवाजुळव करू द्या, आणि रात्री पहिल्यांदा तिला बोलू द्या. हा झाला स्टाइलचा खरा उपयोग, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरला पुढच्या वेळी मित्राला "घरी विचारून सांगतो" म्हणायचं आहे.

याच्या उलटं पण एक बघते मी, माणसं आपल्या अक्षराच्या आडून वाट्टेल ते करतात. "मी डी आहे, माझं तोंड असंच आहे" म्हणून ज्युनिअरवर ओरडणं, "मी आय आहे, मला पेपरवर्क जमत नाही" म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणं. ओरडणं ही स्टाइल नव्हे. डी वाला माणूस तेच वाक्य खालच्या आवाजात आणि तितकंच थोडक्यात म्हणू शकतो. आणि एखादा माणूस सारखा अपमान करत असेल, धमकावत असेल, तर त्याच्या स्टाइलप्रमाणे आपण किती वाकायचं हा प्रश्नच तिथे येत नाही, तिथे अंतर ठेवायचं किंवा वर तक्रार करायची.

आता तुमच्यासाठी नेमकं. टीममधला एकच माणूस निवडा, शक्यतो हाच टेस्टर, आणि थोडे दिवस नुसतं बघा की तो सांगतो की विचारतो, दाखवतो की झाकतो, घाईत काय होतं, निवांत असताना काय होतं. मनात ठेवा, कुणाशी बोलू नका, वहीत तर अजिबात लिहू नका, कुणाच्यातरी हाताला लागते. मग एकच गोष्ट बदला, मेसेजची पद्धत किंवा मीटिंगच्या आधी कागद पाठवणं, आणि फरक पडतो का बघा. नाही पडला तर तुमचा अंदाज चुकलाय, सरळ त्यालाच विचारा, "माझ्याकडून काम येतं ते कसं आलं तर तुला सोपं पडेल?" हा प्रश्न कुठल्याही टेस्टपेक्षा स्वस्त आहे, आणि लोक खरंच उत्तर देतात, फक्त कुणी विचारत नाही. डेस्कवरची कार्डं काढायला एचआरला सांगा, ते ऐकणार नसतील तर निदान तुमच्या टीमपुरती ड्रॉवरमधे जाऊ द्या.

शेवटी विचारलंय की घरच्यांनाही टेस्ट द्यायला लावू का. नको. तुम्हाला स्वतःला द्यायचीच हौस असेल तर बिग फाइव्हचे प्रश्न फुकट मिळतात, आयपीआयपी नावाचा प्रश्नांचा खुला साठा आहे, कुणीही वापरू शकतं. तो एकदा तुम्ही स्वतःबद्दल भरा, आणि अबोला सुटला की दुसरी प्रत बायकोला तुमच्याबद्दल भरायला द्या, तिच्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल. जिथे तुमच्या आणि तिच्या उत्तरात सगळ्यात जास्त अंतर पडेल, तिथली दोन-तीन उदाहरणं तिला विचारा, आणि ती सांगत असताना खुलासे करू नका.